गप्प केलेलं जनुक, गप्प बसलेली मी

“ताई, माझा हातच वाईट आहे बहुतेक.”

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या लॅबमधली ज्युनिअर मुलगी मला हे म्हणाली. नांदेडहून पुण्यात आलेली, नेट पास होऊन पीएचडीला लागलेली. सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि रात्री सिक्युरिटीच्या काकांनी हटकल्यावर निघायची. सात महिने ती एकच प्रयोग पुन्हा पुन्हा करत होती. प्रयोग माझा होता, दोन वर्षांपूर्वीचा. एका कॉन्फरन्समध्ये मी त्याचं पोस्टर लावलं होतं. तिने आधी तो तसाच करून दाखवायचा आणि मग पुढचं काम सुरू करायचं, असं ठरलं होतं. तो काही केल्या होत नव्हता.

लॅबमध्ये ‘हात वाईट’ म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळणं अवघड आहे. स्वयंपाकात एखादीच्या हाताला चव असते म्हणतात, तसंच पेशी वाढवण्याच्या कामातही मानतात. कुणाच्या हातच्या पेशी छान जगतात, कुणाच्या उगाच मरतात. आपला हात वाईट आहे हे एकदा मनाने घेतलं, की माणूस आधी प्रयोगाला घाबरतो आणि मग एक दिवस गावी निघून जातो. असे दोघे मी पाहिलेत.

तिचा हात चांगला होता. प्रयोग का होत नाही याचा मला अंदाज होता, आणि तो पहिल्या महिन्यापासून होता. मी गप्प होते.

त्या गप्प असण्याबद्दल लिहायचं आहे. पण त्यासाठी आधी जनुकाला गप्प कसं करतात, ते सांगावं लागेल.

*

पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो आणि त्यात प्रथिनं बनवायच्या कृती लिहिलेल्या असतात. डीएनए स्वतः बाहेर पडत नाही. हवी असलेल्या कृतीची एक नक्कल बाहेर धाडली जाते, तिला मेसेंजर आरएनए म्हणतात. कोविडच्या लसींमुळे हे नाव आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांनाही पाठ आहे. नक्कल पोचली की प्रथिन तयार होतं.

एसआय-आरएनए म्हणजे आरएनएचा दोन पदरी, साधारण २१ अक्षरांचा तुकडा. तो पेशीत सोडला की पेशीतलीच एक यंत्रणा त्याला उचलते, त्याचा एक पदर टाकून देते आणि दुसरा हातात धरून फिरते. पोलिसाने संशयिताचा फोटो घेऊन फिरावं तसं. त्या अक्षरांशी जुळणारी नक्कल सापडली, की आर्गोनॉट नावाचं प्रथिन तिचे दोन तुकडे करतं. मूळ डीएनएला धक्काही लागत नाही. कृती वहीत शाबूत असते, फक्त तिचं पत्र पोस्टातच फाडलं जातं. म्हणून याला जनुक मारणं न म्हणता जनुक गप्प करणं म्हणतात. आणि तेही पुरतं गप्प होत नाही. ७०-८०, नशीब चांगलं असेल तर ९० टक्के आवाज बंद होतो. कुजबुज उरतेच.

२००१ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला सायदा एल्बाशीर, थॉमस तुशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माणसाच्या पेशींमध्ये करून दाखवलं. त्याआधी लांबलचक दोन पदरी आरएनए टाकला, की आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांच्या पेशींना वाटायचं विषाणू घुसला, आणि त्या घाबरून सगळीच कामं बंद करायच्या. एवढासा तुकडा मात्र बहुतेक वेळा त्यांच्या पहाऱ्यातून निसटतो. तेव्हापासून कुठलीही लॅब, अगदी आमच्यासारखी दोन खोल्यांचीही, माणसाच्या वीसेक हजार जनुकांमधलं हवं ते निवडून गप्प करू शकते. कंपनीला अक्षरं कळवायची, महिना-दीड महिना वाट बघायची. बोटाच्या पेराएवढी नळी येते. तिच्या तळाशी काही आहे यावर विश्वासच ठेवावा लागतो.

आता, गप्प करून कळतं काय?

आई आठ दिवस मामाकडे गेली, की आमच्या घरात हा प्रयोग आपोआप व्हायचा. पहिल्या दिवशी गच्चीवरची टाकी रिकामी. म्हणजे पहाटे उठून मोटर लावत होती ती आई. दुसऱ्या दिवशी दूध नासलेलं. चौथ्या दिवशी तुळस मान टाकून. एखादी गोष्ट काय करते ते ती नसताना कळतं, हे तर्कशास्त्र आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्यात खड्डे आहेत. सकाळचा चहा रोज आई करायची, पण ती नसताना बाबांनी केला. मग चहा हे आईचं काम नव्हतंच, असं लिहायचं का? पेशीतही एक जनुक गप्प झालं की दुसरं एखादं त्याचं काम अंगावर घेतं. उलट, आई गेली त्याच दिवशी नळालाच पाणी आलं नाही असं समजा. टाकी रिकामीच राहणार. आपण मात्र तेही आईच्या नावावर लिहून मोकळे.

हा दुसरा खड्डा एसआय-आरएनएच्या बाबतीत फार खोल निघाला. सुरुवातीला वाटत होतं, सगळी अक्षरं जुळली तरच जनुक गप्प होतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं, की सलग ११ अक्षरं जुळणारी भलतीच जनुकंही दबू शकतात. पुढे कळलं की दुसऱ्यापासून आठव्या अक्षरापर्यंतचा छोटा भाग जुळला, तरी काही वेळा पुरतं. फोनमध्ये ‘सुनी’ टाइप केलं की सुनीता, सुनील, सुनीती सगळ्या वर येतात आणि घाईत मेसेज भलत्यालाच जातो, तसं. आपण एक जनुक गप्प केलंय असं समजत असतो, आणि तिकडे आणखी कितीतरी जणांचा आवाज थोडा थोडा खाली गेलेला असतो.

उपाय आहेत, आणि ते गुपित नाहीत. ‘नेचर सेल बायॉलॉजी’ने २००३ मध्येच संपादकीयातून मांडले होते. एकाच जनुकासाठी वेगवेगळ्या अक्षरांचे दोन तरी एसआय-आरएनए वापरा. दोघांचे भलतीकडे गेलेले मेसेज वेगवेगळे असणार, त्यामुळे दोघांनी एकच परिणाम दाखवला तर तो त्या जनुकाचा असण्याची शक्यता मोठी. मग खरी परीक्षा: ते जनुक पेशीला परत द्या. प्रथिन तेच, पण एसआय-आरएनएला ओळखू येऊ नये अशा वेगळ्या स्पेलिंगमध्ये लिहिलेलं. परिणाम पुसला गेला तर तुमचं बरोबर. याला आम्ही रेस्क्यू म्हणतो.

माझी तेव्हाची रूममेट तत्त्वज्ञानात एमए करत होती. एकदा मी तिला हे सगळं तावातावाने समजावलं, तर ती शांतपणे म्हणाली, “हे तर अन्वय-व्यतिरेक झालं.” जिथे विस्तव तिथे धूर, हा अन्वय. जिथे विस्तव नाही तिथे धूर नाही, हा व्यतिरेक. गप्प करणं म्हणजे व्यतिरेक, परत देणं म्हणजे अन्वय. नैयायिक त्याच्याही पुढे जाऊन विचारतात, की विस्तव असला म्हणजे धूर असतोच का? लाकूड ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक तर ‘नसणं’ कळायला अनुपलब्धी नावाचं वेगळं प्रमाणच मानतात, पण त्याला एक अट घालतात: ती वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत मडकं दिसलं नाही, यावरून मडकं नाही असं म्हणता येत नाही. मी त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, ‘कंट्रोल = दिवा लावणे’. त्या वयात असल्या गोष्टींचा फार आनंद होतो.

दोनच महिन्यांनी मी दिवा लावला आणि मला नको ते दिसलं.

*

माझं जनुक कोणतं, ते इथे महत्त्वाचं नाही. कॅन्सरच्या पेशी जागा सोडून सरकतात त्यात त्याचा हात असावा, असा आमचा तर्क होता. प्रयोग बघायला सोपा. ताटलीच्या तळाशी पेशींचा सलग थर वाढवायचा, पिपेटच्या टोकाने मधोमध ओरखडा काढायचा आणि २४ तासांनी बघायचं. पेशी दोन्ही काठांवरून सरकत येतात आणि जखम भरावी तसा ओरखडा भरतात. पहिला एसआय-आरएनए दिला तेव्हा ओरखडा उघडाच राहिला. तीनदा केलं, तीनदा तसंच. सर खूश, मी खूश. घरी फोन करून आईला सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण तिने शेजारच्या काकूंना सांगितलं.

मग दुसरा आला. याने जनुक पहिल्याइतकंच गप्प केलं होतं. खरं तर थोडं जास्तच. वेस्टर्न ब्लॉटवर प्रथिनाची पट्टी जवळपास पुसलेली. आणि ओरखडा भरला होता. पूर्ण. रात्री साडेनऊला मायक्रोस्कोपखाली ताटली सरकवून मी तो ओरखडा शोधत होते आणि तो कुठेच नव्हता. आधी वाटलं, चुकीची ताटली घेतली. पुन्हा केलं. पुन्हा भरला.

काय करायला हवं, हे मला ठाऊक होतं. तिसरा मागवायचा, रेस्क्यू करायचा. त्याला चार महिने. कॉन्फरन्सला पाच आठवडे होते, आणि फेलोशिपच्या वार्षिक अहवालात काहीतरी दाखवायचं होतं. मी पोस्टरवर पहिल्याचे फोटो लावले. लॅब मीटिंगमध्ये एका वाक्यात म्हटलं, “दुसऱ्याचा इफेक्ट थोडा कमी आहे.” सर म्हणाले, “ठीक आहे, नंतर बघ.” पुढची स्लाइड.

शून्याला मी ‘थोडा कमी’ म्हटलं. लहानपणी धर्मराजाची अश्वत्थाम्याची गोष्ट ऐकताना मला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीवरून त्याचा रथ जमिनीला का टेकवला? हळू आवाजात का होईना, पुढचं बोलला तर होता! पोस्टर टांगताना मी स्वतःला नेमकं हेच सांगत होते. मीटिंगमध्ये बोलले तर होते मी.

नंतरही बरेच महिने मी या प्रश्नाशी वाद घालत राहिले. माझी बाजू वाटते तितकी लंगडी नव्हती, म्हणून मांडते. पोस्टरवरचा एकही फोटो खोटा नव्हता. आकडे खरे होते. आणि निष्कर्ष चुकीचा होता असंही मी म्हणू शकत नव्हते. कदाचित पहिलाच बरोबर असेल, आणि दुसऱ्यानेच भलत्या कुठल्यातरी जनुकाला दाबून पेशींना पळायला लावलं असेल. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं. मला खरं माहीतच नव्हतं. मग मी लपवलं काय?

शिवाय लॅबमधला एक सिनिअर म्हणायचा तेही खोटं नाही: फसलेला प्रत्येक प्रयोग सांगत बसलं तर एक पेपर छापून होणार नाही. पेशींना बुरशी लागते, इन्क्युबेटर बंद पडतो, नळीवर नाव लिहायचं राहतं. हे सगळं गाळावंच लागतं आणि त्यात कुणाची फसवणूक नसते. पण माझा दुसरा प्रयोग फसलेला होता, हे ठरवलं कुणी? त्याचा ब्लॉट पहिल्यापेक्षा स्वच्छ होता. त्याच प्रयोगात ओरखडा उघडा राहिला असता, तर मी तो मोठा करून मधोमध छापला असता. हा विचार डोक्यात आल्यावर मात्र मला माझ्याच बाजूने बोलता येईना. त्या क्षणी मला एकच गोष्ट नक्की माहीत होती, ती म्हणजे मला माहीत नाही. मी नेमकं तेवढंच लपवलं होतं.

*

गंमत म्हणजे हे तंत्रच मुळात न लपवलेल्या एका ओळीवर उभं आहे.

१९९५. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात सू ग्वो आणि केनेथ केम्फ्यूज एका सूक्ष्म जंतावर काम करत होते. मिलिमीटरभर लांबीचा, मातीत राहणारा जंत. आपण शोधलेलं जनुक ‘पार-१’च आहे याची खात्री करायला त्यांनी त्या जनुकाच्या संदेशाला चिकटून तो बंद पाडेल असा उलटा आरएनए जंतात टोचला. अपेक्षेप्रमाणे भ्रूण बिघडले. कंट्रोल म्हणून सुलटा आरएनए टोचला. तो कशालाच चिकटणार नव्हता, त्याने काही व्हायला नको होतं. पण त्यानेही भ्रूण तसेच बिघडले.

कंट्रोलच बिघडला म्हणजे सगळा तर्क डळमळला. माझ्यासारखीने म्हटलं असतं, कंट्रोलचा इफेक्ट थोडा जास्त आला. त्यांनी मात्र ते आपल्या पेपरमध्ये छापलं: सुलट्यानेही तेच होतं. का, ते त्यांना माहीत नव्हतं. त्याआधी १९९० मध्ये पेटुनियाची फुलं जास्त जांभळी करायला त्याच रंगाचं आणखी एक जनुक घातल्यावर काही फुलं पांढरीच झाली होती. तेही असंच कोडं म्हणून छापलं गेलं होतं. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी ‘पार-१’सारख्या विचित्र निकालांचा माग काढला. उलटा आणि सुलटा मिळून दोन पदरी आरएनए दिला, की परिणाम कितीतरी पटींनी जास्त होतो. एकेरी आरएनए बनवताना चुकून तयार होणारा थोडासा दोन पदरी आरएनएच आधीच्या प्रयोगांत काम करत असणार. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माझ्या फ्रीजरमधली ती नळी त्या वाटेने आली होती.

आज याच तत्त्वावर औषधं आहेत. मज्जातंतू बिघडवणाऱ्या एका आनुवंशिक आजारावरच्या पॅटिसिरानला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे हत्याराबद्दल माझी तक्रार नाही.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती वाचल्यापासून मला नीट झोप लागेना. मेल्क नावाचं एक प्रथिन. आवाज दाबणाऱ्या आरएनएचे प्रयोग बऱ्याच लॅबांनी केले आणि निष्कर्ष आला, की मेल्क नसेल तर कॅन्सरच्या पेशी वाढत नाहीत. त्याच्यावर औषध तयार झालं, ते रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं. २०१७ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या जेसन शेल्ट्झर यांच्या लॅबमध्ये अ‍ॅन लिन आणि ख्रिस्तोफर जुलियानो या विद्यार्थ्यांनी नव्या क्रिस्पर तंत्राने मेल्कचं जनुकच कापून टाकलं. पेशी मजेत वाढत राहिल्या. मेल्क नसलेल्या पेशींची वाढ ते औषध तरीही रोखत होतं, म्हणजे ते काम करत होतं भलत्याच कुठेतरी. २०१९ मध्ये त्याच गटाने चाचण्यांमधली आणखी काही औषधं अशीच तपासली आणि पुन्हा तेच चित्र दिसलं.

यात कुणी खोटं बोललं, असं मी म्हणत नाही. कुणीच खोटं बोललं नसेल. पण एखाद्या वहीत भरून आलेला एखादा ओरखडा असेल का, असं मनात येतंच. माझ्या वहीत होता.

मी वापरत होते त्या पेशी एमडीए-एमबी-२३१ नावाच्या. १९७० च्या दशकात अमेरिकेत टेक्सासच्या एम. डी. अँडरसन हॉस्पिटलमधल्या एका ५१ वर्षांच्या बाईच्या फुफ्फुसाभोवती पाणी साठलं होतं. स्तनाचा कॅन्सर तिथवर पोचला होता. त्या पाण्यातल्या पेशी अजून जगभर वाढवल्या जातात. माझ्या आईचं वय आज ५३ आहे. दर दोन-तीन दिवसांनी मी त्या बाईच्या पेशींना गुलाबी मीडियम बदलून देत होते, आणि त्यांनी मला दिलेल्या दोन उत्तरांपैकी एकच पुढे कळवत होते.

*

ज्युनिअरच्या बाबतीत झालं ते असं. माझी पहिली नळी संपली होती. सर तिला म्हणाले, नाहीतरी रिव्ह्यूअर दुसरा मागतीलच, तर वेगळ्याच अक्षरांचा मागव. त्यांच्या लेखी ते बरोबर होतं, कारण ‘थोडा कमी’ हेच त्यांच्या डोक्यात होतं. तिने मागवला. जनुक गप्प होत होतं. ओरखडा भरत होता. तिने डोस बदलला, मीडियम बदललं, पेशींची नवी बॅच काढली, माझ्याकडून ओरखडा काढायची पद्धत पुन्हा शिकून घेतली. मी शिकवलीही! तिच्या मनगटाला धरून, टोक किती तिरकं हवं ते दाखवलं.

संशोधनातली अप्रामाणिकता म्हटलं की मागे घेतलेले पेपर, बनावट फोटो, चौकशी समित्या असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. माझं पोस्टर कुणी मागे घेणार नव्हतं. ते गुंडाळून कपाटावर पडलं होतं. पण त्याच्यामुळे एक मुलगी सात महिने स्वतःच्या हाताकडे संशयाने बघत होती.

“ताई, माझा हातच वाईट आहे बहुतेक,” ती म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, “थांब जरा.” कपाटातून जुनी वही काढली. ते पान मला शोधावं लागलं नाही. दुसऱ्याचा ब्लॉट, दुसऱ्याचे दोन्ही वेळचे फोटो, खाली तारीख, माझी सही. तिने बराच वेळ बघितलं. मग स्वतःचा लॅपटॉप उघडून तिचा फोटो शेजारी ठेवला. सारखेच होते.

मला वाटलं ती चिडेल किंवा रडेल. तिने विचारलं, “हे सरांना माहितीये?”

“अर्धं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. ते काही वेळ काहीच बोलले नाहीत. पेन उघड-बंद करत होते. मग म्हणाले, “तेव्हाच नीट सांगायला हवं होतंस.” थोड्या वेळाने, “मीही विचारायला हवं होतं.” माझ्या थीसिसमधलं ते प्रकरण आता काय होईल ते अजून ठरलेलं नाही. कदाचित जाईल. पहिल्याच अक्षरांचा पुन्हा मागवला आहे, रेस्क्यूसाठी जनुकाचं वेगळं स्पेलिंगही तयार होतं आहे. त्यातून काय निघेल, ते आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता येत नाही.

केबिनमधून बाहेर आल्यावर ती माझ्याशी फारशी बोलली नाही. हातमोजे चढवले, आणि उणे ८० च्या फ्रीजरजवळ उभी राहून, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “तुमचा तो दुसरा उरलाय का थोडा?”

मी खालच्या कप्प्यातला डबा काढला. नळीवर बर्फ धरला होता. अंगठ्याने पुसल्यावर माझ्याच अक्षरातला ‘२’ दिसला. तळाशी दहाएक मायक्रोलिटर असेल. तिने ती उजेडाकडे धरून बघितली आणि बर्फाच्या भांड्यात खोचून ठेवली.